रंगाखाली राहिलेलं नाव

मी एक जुनी फळी आहे. कानावाच्या लाकडाची, माणसाच्या उंचीएवढी, एका कोपऱ्यात तडा गेलेली. आता फळीला कसलं आलंय आयुष्य आणि कसलं आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मित्रांनो, माझ्या हातून एक पाप घडलं आहे. मला हात नाहीत ही गोष्ट वेगळी. ते पाप कुणाला तरी सांगितल्यावाचून मला वाळवीच्या हवाली व्हायचं नाही.

आमचं गाव प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊमधल्या एका प्रवाळबेटावर आहे. इथे माती नावालाच. त्यामुळे कानावाचं झाड तोडायचं तर गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याचं लाकूड होडीशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरायला कुणाचं मन होत नाही. हाकारिया होड्या बांधायचा. एका होडीतून मी उरले. त्याने मला फेकलं नाही. शार्कच्या कातडीने घासघासून मला गुळगुळीत केलं, आणि त्याची बायको लुहिया माझं दुसरं टोक धरून बसली.

"एवढं कशाला घासतोस?" ती म्हणाली. "पाण्यात टाकलीस तर एकटीच वेलिंग्टनला जाऊन पोचेल ही."

"जाऊ दे की. तुझ्या लेकीला निरोप देईल."

मग त्याने काळ्या रंगाने माझ्यावर गावातल्या घरांची नावं लिहिली. एकेचाळीस घरं. स्वतःचं नाव त्याने सगळ्यात शेवटी, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लिहिलं.

"म्हणजे आपल्याला नेहमी शेवटी हाक!" लुहिया फणकारली. "सगळ्यांनी डोकी नेली की आपल्या वाट्याला शेपट्या."

"अगं, वाटे सारखेच असतात," हाकारिया हसला, आणि आपल्या नावाशेजारी त्याने तिचंही नाव लिहिलं. एकेचाळीस घरांत घरधनिणीचं नाव फक्त त्या एकाच घरापुढे होतं. ती लाजली आणि उगाचच माझ्यावरचा भुसा झटकत राहिली.

मला होड्यांच्या शेडमध्ये टांगलं. आमच्याकडे सगळ्या गावाने मिळून मासेमारी केली की पकडलेला मासा कुणी थेट घरी नेत नाही. सगळा ढीग वाळूवर ओततात. इओहेफो नावाचा गृहस्थ त्याचे वाटे घालतो, खाणारी तोंडं मोजून. त्या दिवशी सकाळी जन्मलेल्या बाळाचंही तोंड धरतात. याला इनाती म्हणतात. मग इओहेफो एकेक नाव पुकारतो, आणि ज्याचं नाव येईल त्याने टोपली घेऊन पुढे यायचं. वाटा मागायचा मात्र नसतो. मागितला तर गाव आपल्याला विसरलं असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं, आणि आमच्याकडे जीव गेला तरी तसं कुणी म्हणत नाही. या रीतीने पुढे काय केलं ते ऐका.

काही वर्षांनी हाकारियाच्या पोटात गाठ झाली. पंधरा दिवसांनी येणाऱ्या बोटीतून त्याला आधी सामोआतल्या आपियाला आणि तिथून न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला नेलं. लुहिया बरोबर गेली. घर बंद झालं, तेव्हा इओहेफो त्यांचं नाव गाळून पुढे जाऊ लागला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. मासे वेलिंग्टनला थोडेच पाठवायचे होते!

त्याच सुमारास शाळेत एहेता नावाच्या बाई आल्या. मुलगी इथलीच, शिकलेली न्यूझीलंडला. हुशार, उत्साही, आणि घाईची. तिला इंग्रजीच्या तक्त्यासाठी फळी हवी होती. शेडमध्ये येऊन तिने मला पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"इओहेफोकाका, ही नेऊ का? शाळेला एक धड फळी नाही हो."

"ने की!" इओहेफो म्हणाला. "नावं माझ्या जिभेवर आहेत. वीस वर्षं झाली, फळीकडे बघतो कोण?"

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. अंगाला कायमचा माशांचा वास, वर माश्यांचं घोंगावणं. कंटाळले होते मी. एहेताने काळी नावं वाचलीसुद्धा नाहीत. पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि त्यावर चित्रं काढली. डावीकडे मोजायचे पदार्थ: 'ॲन एग', 'अ बनाना', 'अ कोकोनट'. उजवीकडे न मोजायचे: 'सम राइस', 'सम मिल्क', 'सम ब्रेड'. आणि उजव्या कोपऱ्यात अगदी खाली, ताटातला भाजलेला मासा: 'सम फिश'.

मला शिंगं फुटली. पोरं माझ्याकडे टक लावून बघत. तपासनीस आले, त्यांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "वा! असा तक्ता आपियातसुद्धा नाही." त्या दिवसापासून मी नाकाने वांगी सोलू लागले. पोटात एकेचाळीस घरं आहेत याचा मला विसर पडला. विसर पडला म्हणते, पण खरं म्हणजे मला ती आठवायचीच नव्हती.

अकरा महिन्यांनी लुहिया परत आली. एकटी. हाकारियाला तिने तिकडेच पुरलं होतं. शव आणण्याएवढा पैसा लेकीकडे नव्हता. गावातले काही म्हातारे कुरकुरले होते, "होडीवाल्याला परक्या मातीत ठेवून आली." ती कुरकुर तिच्या कानावर बोटीतून उतरता उतरताच पडली.

शाळेत माझ्यासमोरची खिडकी वाळूकडे उघडायची. म्हणून मला दिसलं. ती आल्यावर चौथ्या दिवशी होड्या भरून आल्या. लुहिया टोपली घेऊन वाळूवर येऊन बसली, शेवटच्या रांगेत, तिच्या नेहमीच्या जागी. इओहेफो पुकारत गेला. चाळीस नावं झाली आणि तो हात धुवायला पाण्याकडे वळला. अकरा महिने तेवढ्यावरच थांबायची त्याच्या जिभेला सवय लागली होती. लुहिया थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, रिकाम्या टोपलीत वाळलेल्या झावळ्या गोळा केल्या, जणू त्याचसाठी आली होती, आणि घरी गेली. त्यानंतर ती वाटपाला यायची बंद झाली.

तुम्ही म्हणाल, एवढंसं गाव, कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? सांगते. इओहेफोला वाटलं, विधवा बाई, दिराकडेच जेवत असणार. दिराला, मिकाएलेला, वाटलं, वहिनी वेगळ्या घरात राहते, तिचा वाटा तिला मिळतच असणार. शेजारणींना वाटलं, मिकाएलेची माणसं तिची टोपली पोचवतात. 'असणार' या एका शब्दावर सगळं गाव निर्धास्त होतं. आणि लुहियाला वाटलं, नवऱ्याला परमुलखात पुरल्याबद्दल गावाने आपलं नाव काढून टाकलं. ती उपाशी नव्हती. नीरफणस होता, नारळ होते, लेकीच्या पैशांतून दुकानातला मांसाचा डबा येत होता. पण या वाळूवर साठ वर्षं काढलेली ती बाई गावाच्या हाकेतून गेली होती.

मला सगळं ठाऊक होतं. माझ्या उजव्या कोपऱ्यात, भाजलेल्या माशाच्या खाली, हाकारियाच्या हाताने लिहिलेलं तिचं नाव होतं. मी लाकूड, मला कुठे बोलता येतं, असं मी स्वतःला कितीदा बजावलं. पण मित्रांनो, लाकूड फुगतं, तडकतं, रंग सोडतं. मला तडकता आलं असतं. मी मात्र माझा रंग जिवापाड जपत राहिले. पावसाळी हवेत अंग फुगायला लागलं की मी श्वास रोखल्यासारखी ताठ व्हायचे. चित्र बिघडायला नको!

लुहिया परतल्याला दहा महिने झाले होते, तेव्हा एहेताने मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. दर बुधवारी दुपारी. मुलांकडे न्यूझीलंडला जाणारे म्हातारेकोतारे त्यात होते. पहिल्याच बुधवारी लुहिया माझ्यासमोर येऊन बसली.

"मावशी, तुम्ही कुठे निघालात?" एहेताने विचारलं.

"लेकीकडे. कायमची," लुहिया म्हणाली. "नातीला आपली भाषा येत नाही. तिला जेवायला तरी वाढता आलं पाहिजे ना."

कायमची! मला त्या दिवशी पहिल्यांदा रंगाखाली खाज सुटल्यासारखं झालं.

वर्गात मजा मात्र फार व्हायची. अलापाती म्हणून एक म्हातारा होता, त्याची जीभ तिखट. एहेता समजावत होती, आख्खा नीरफणस असेल तर 'अ', तोच उकडून कुस्करला की 'सम'. मासा पाण्यात पोहत असेल तर 'अ फिश', ताटात आला की 'सम फिश'.

"थांबा बाई," अलापाती म्हणाला. "म्हणजे मासा मेला की मोजायचा नाही?"

"ताटातला नाही मोजायचा, आबा."

"कमाल आहे! आमच्या इओहेफोला शिकवा हे. तो बिचारा उन्हात मेलेले मासेच मोजत बसतो."

सगळे खो खो हसले. लुहियाही हसली, पण तोंडावर हात धरून.

मग एहेता सरावाला प्रश्न विचारायची. कालच्या वाटपात काय मिळालं? कुणी म्हणे 'अ लॉट ऑफ फिश', कुणी म्हणे 'अ फ्यू'. लुहियाची पाळी आली. ती उभी राहिली, पदर आवरावा तसा तिने झगा सारखा केला आणि सावकाश म्हणाली, "आय डिड नॉट गेट एनी फिश." म्हणजे मला मासे मुळीच मिळाले नाहीत.

एहेता आनंदाने उडालीच. "शाब्बास मावशी! ऐकलंत सगळ्यांनी? नकार आला की 'सम' जातं आणि 'एनी' येतं. अगदी बिनचूक! टाळ्या वाजवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुहियाने एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली बसली. मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. वहीत तेच वाक्य पुन्हा लिहून काढलं.

पुढच्या बुधवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही. दर वेळी शाब्बास. चार महिने हे चाललं. मागायचं नाही ही तिची रीत तिने मोडली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर तेवढं देत होती, परक्या भाषेत, भर वर्गात. आणि परकी भाषा म्हणूनच कुणाला ते ऐकू येत नव्हतं. व्याकरण सगळे ऐकत होते. आणि मी तिच्या तोंडासमोर माझा तो भाजलेला मासा मिरवत उभी होते. आज आठवलं तरी माझ्या शिरा आखडतात.

बोट शनिवारी येणार होती. तिच्या आधीचा बुधवार हा लुहियाचा शेवटचा वर्ग. तिने घरातल्या चटया वाटून टाकल्या होत्या. हाकारियाची रंधा-पटाशीसुद्धा मिकाएलेला देऊन झाली होती. एहेताने नेहमीचा प्रश्न विचारला, लुहियाने नेहमीचं उत्तर दिलं.

"ए बाई," अलापाती म्हणाला, "चार महिने हीच एक टकळी! दुसरं काही येत नाही का तुला? जाता जाता एकदा तरी 'अ लॉट ऑफ' म्हण. तोंड गोड होईल."

लुहिया वळली. "मग काय खोटं बोलू, दादा?"

एहेताच्या हातातला खडू तसाच राहिला.

"खोटं म्हणजे?" तिने विचारलं. "मावशी, काल मासे... तुम्हाला काल वाटा नाही मिळाला?"

"काल नाही. परवा नाही. चौदा महिने झाले."

"चौदा महिने! आणि बोलला नाहीत कुणाला?"

"तुला बोलले की," लुहिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दर बुधवारी बोलले. तू शाब्बास म्हणालीस."

एहेताचं तोंड पांढरंफटक पडलं. लुहियाने वही मिटली, सगळ्यांना मान लववली आणि निघून गेली.

वर्ग पांगला. एहेता माझ्यासमोर एकटीच उभी होती. मग तिला काय आठवलं कुणास ठाऊक, ती धावत जाऊन माशांची खवलं काढायची सुरी घेऊन आली. "इथे नावं होती," ती पुटपुटत होती, "इथे नावं होती, आणि मी मूर्ख, वाचलीसुद्धा नाहीत." तिने कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. दुखलं, पण त्या दुखण्याची मी किती दिवस वाट बघत होते! मासा गेला, 'सम' गेलं, पांढरा रंग पापुद्र्यांनी निघाला आणि खालून काळी अक्षरं वर आली. हाकारिया. लुहिया.

तिने मला पाठीवर घेतलं आणि शेडमध्ये नेऊन इओहेफोपुढे उभं केलं. म्हाताऱ्याने कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग डोळे मिटून ओठांतल्या ओठांत सगळी नावं म्हटली. चाळीसावर जीभ थांबली. त्याने पुन्हा म्हटली. पुन्हा चाळीसच.

"मला वाटलं, ती तुझ्याकडे जेवते," तो तिथेच उभ्या असलेल्या मिकाएलेला म्हणाला.

"माझ्याकडे? मी कधी म्हणालो? मला वाटलं, तुम्ही तिला पुकारता!"

"तू भाऊ ना त्याचा? मग बघायला नको?"

"आणि वाटे तुम्ही घालता ना? मग मोजायला नको?"

इओहेफो होता तिथेच वाळूवर बसला. "माझी जीभ झडो," तो म्हणाला. "फळी देऊन टाकली मी. मीच."

त्याचं म्हणणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो निदान विसरला होता. मी विसरले नव्हते.

शुक्रवारी सकाळी होड्या बाहेर गेल्या आणि दुपारी भरून आल्या. अर्धवट खरवडलेली मी वाळूवर एका माडाला टेकून उभी होते, एका बाजूला काळी नावं, एका बाजूला अर्धं केळं. इओहेफो या वेळी माझ्यावर बोट ठेवून पुकारत होता. चाळीस झाली. मग त्याने छाती भरून घेतली आणि हाक मारली, "लुहिया!"

कुणी आलं नाही. पानावर दोन मासे पडून होते.

आमच्याकडे सगळे वाटे उचलले जाईपर्यंत कुणी वाळूवरून हलत नाही. ऊन कडाक्याचं. इओहेफोने पुन्हा हाक मारली. पोरं रडायला लागली, माश्या बसायला लागल्या, चाळीस घरांचे मासे चाळीस टोपल्यांत तापायला लागले. कुणी हललं नाही. मिकाएले म्हणाला, "मी जाऊन घेऊन येतो तिला." इओहेफोने त्याला थांबवलं. "ओढून आणायची नाही. तिचं नाव घेतलंय. ती येईल तेव्हा येईल." तिसरी हाक मारताना त्याचा आवाज फाटला.

सावल्या हातभर लांब झाल्या तेव्हा ती आली. अंगावर प्रवासाचा झगा, हातात टोपली. टोपली नवी होती, नुकती विणलेली, पात हिरवीगार. म्हणजे पहिल्या हाकेपासून ती घरात बसून टोपली विणत होती. जुनी तिने देऊन टाकली असणार.

"काय रे हे?" ती सगळ्यांवर खेकसली. "पोरांना उन्हात मारता का? मासे कुजवायचे आहेत का गावाला?" आणि मग तिची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली. ती जवळ आली. हाकारियाच्या अक्षरांवर तिने हात ठेवला. चौदा महिने जे रडू तिने आवरलं होतं ते त्या हातातून माझ्यात उतरलं. माझं लाकूड भिजलं, खरंच भिजलं.

इओहेफो गुडघ्यावर बसला होता. "माझी चूक झाली, बाई. फार मोठी."

"ऊठ," ती म्हणाली. "गुडघे दुखतात ना तुझे? ऊठ." आणि तिने वाकून मासे टोपलीत टाकले. एक. दोन. मग एहेताकडे वळून म्हणाली, "टू फिश. 'सम' नाही. टू."

एहेताच्या ओठांवर 'शाब्बास' आलेलं मी पाहिलं. तिने ते गिळलं. पुढे होऊन तिने टोपली उचलली आणि लुहियाच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत गेली. त्या दिवशी लुहियाने एक मासा भाजला, तो दोघींनी खाल्ला, असं मी नंतर ऐकलं.

शनिवारची बोट तिला न घेता गेली. पुढच्या वर्षी ती नातीला भेटून आली, दोन महिन्यांनी परत. अजून आहे ती. वाटपाला येते, शेवटच्या रांगेत बसते, शेपट्यांवरून कटकट करते. पण मित्रांनो, त्या चौदा महिन्यांचे वाटे तिला कुणी परत देऊ शकलेलं नाही. आणि मीही नाही.

आता मी पुन्हा शेडमध्ये आहे. अंगाला माशांचा वास येतो, आणि तो मला आवडतो. माझ्यावर अजून अर्धं केळं आहे, एक दुधाचा पेला आहे. शाळेत नवी बाई आली की म्हणते, हे सगळं एकदा नीट रंगवून काढू या. रंगवा की. माझी ना नाही. पण तुम्ही कुठलीही जुनी फळी रंगवायला घ्याल तेव्हा ब्रश बुडवण्याआधी तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. आणि कुणी बिनचूक उत्तर दिलं तर टाळ्या वाजवण्याआधी ते माणूस काय सांगतं आहे ते ऐका. तो खाली उजवीकडचा कोपरा मात्र तसाच राहू द्या. इओहेफोच्या बोटाने तिथली अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण दर वाटपाला तो तिथे बोट ठेवतो आणि एकेचाळिसावं नाव मोठ्याने घेतो.